घास अडकतो आणि आपण गॅस म्हणतो… अन्ननलिकेचा कॅन्सर खरंच वाढतोय का?

अबोली_साखळी

नमस्कार मंडळी. बऱ्याच महिन्यांनी लिहितेय आणि विषय बरा नाही. माझ्या मामाला (वय ५८, गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात असतो, घरचं कुळागर म्हणजे सुपारी-माडांची बागायत आहे) गेल्या महिन्यात अन्ननलिकेचा कॅन्सर निघाला.

चवथीला (गणेशचतुर्थीला) आम्ही सगळे तिकडेच होतो. तेव्हा मामा पुऱ्या बाजूला सारून नुसतं मणगणं (चणाडाळीची खीर) पीत होता आणि आम्ही सगळे त्याला डाएट करतोस काय म्हणून हसलो, आता ते आठवलं की रात्री झोप लागत नाही. त्यानंतर प्रत्येक घासाला पाणी, मग भात मऊ करून, मग चपाती बंदच. मामी ओवा देत होती, सोलकढी देत होती, जवळच्या एका डॉक्टरांनी गॅसच्या गोळ्या दिल्या, त्या संपल्या की परत त्याच. असे पाच महिने गेले. पेजसुद्धा परत यायला लागली आणि वजन अकरा किलो उतरलं तेव्हा कुठे एंडोस्कोपी (घशातून दुर्बीण घालून तपासणी) झाली.

मामा दिवसाला आठ-दहा विडे खातो तंबाखू घालून, आणि संध्याकाळी फेणी, थोडीच म्हणतो. मला विचारायचंय की हे नेमकं कशामुळे होतं, हल्ली खरंच वाढलंय का की आपल्याला ऐकू जास्त येतं, आणि आमच्या घरात आता कुणी तपासून घ्यावं का. माझ्या नवऱ्याला बारा वर्षं ॲसिडिटी आहे, पोट सुटलंय, तो रोज सकाळी गोळी घेतो. आई मामाची सख्खी बहीण. डोकं चालत नाहीये, जमेल तसं सांगा.

मांडवीकाठ

ताई, वाचून फार वाईट वाटलं. वाढलंय हो, नक्की वाढलंय. आमच्या वाड्यावर दोन वर्षांत तीन जण. बेळगावहून येणारी भाजी फवारे मारलेली, मासळीला फॉर्मेलिन, २०१८ साली केवढा गदारोळ झाला होता आठवतो ना? आपण विष खातोय दुसरं काय.

पेडण्याची_लेक

+१. आमच्याकडे तेव्हा दीड महिना मासे बंद होते, सासऱ्यांचं तोंड चवथीच्या आदल्या दिवशीसारखं.

डॉक्टरबाब

मी कॅन्सरतज्ज्ञ नाही, म्हापशाला बावीस वर्षं जनरल प्रॅक्टिस करतोय. पण हा आजार उशिरा आलेला इतक्या वेळा पाहिलाय की जरा सविस्तर लिहितो.

मांडवीकाठ, फॉर्मेलिनचा राग रास्त आहे, मासळीत ते असूच नये. पण त्यातलं फॉर्माल्डिहाइड कॅन्सरकारक ठरलं ते मुख्यतः श्वासातून आत जातं म्हणून, आणि पुरावा आहे तो नाकामागच्या घशाच्या कॅन्सरचा आणि रक्ताच्या कॅन्सरचा. अन्ननलिकेच्या बाबतीत आरोपी दुसरे आहेत आणि ते आपल्या घरातच बसलेत.

हा कॅन्सर मुख्यतः दोन प्रकारचा. एक स्क्वॅमस, तो बहुतेक करून नळीच्या वरच्या आणि मधल्या भागात होतो. त्याची कारणं तंबाखू (ओढलेला असो की चघळलेला), सुपारी, दारू, फार गरम पिणं, आणि आहारात फळं-भाज्या कमी. भारतात अजून हाच जास्त. दुसरा ॲडिनोकार्सिनोमा, तो खालच्या टोकाला, जठराला लागून. तिथे वर्षानुवर्षं आम्ल वर येत राहिलं की आतलं अस्तर बदलतं, त्याला बॅरेट म्हणतात (नॉर्मन बॅरेट या सर्जनने १९५० मध्ये त्यावर लिहिलं म्हणून ते नाव), आणि त्यातल्या काहींमध्ये पुढे कॅन्सर होतो. पोटावरची चरबी, सिगरेट, पन्नाशीपुढचे पुरुष, यांना धोका जास्त. बॅरेट निघालं म्हणून घाबरून जायचं नाही, वर्षाला शंभरात एकालाही त्याचं कॅन्सरमध्ये रूपांतर होत नाही, पण डॉक्टर सांगतील तेव्हा परत दुर्बीण घालून बघावं लागतं.

आता हा उशिरा का कळतो. अन्ननलिका साधारण पंचवीस सेंटीमीटरची, मऊ, ताणली जाणारी. आत गाठ वाढत असली तरी ती घासाला वाट करून देत राहते. माणसाला अडकतंय असं जाणवतं तोवर नळी बरीच अरुंद झालेली असते. शिवाय जठराला आणि आतड्याला बाहेरून जसं आवरण असतं तसं हिला नाही, त्यामुळे शेजारी पसरायला वेळ लागत नाही.

अबोलीताई, मामांचा जो क्रम तुम्ही सांगितला तोच लक्षात ठेवायचा. आधी चपाती, सुका भात, मटणाचा तुकडा. मग मऊ भात. मग पेज. शेवटी पाणी. गॅस कधी असतो कधी नसतो, पण हे पुढेच सरकत जातं. त्यात वजन उतरणं, आवाज घोगरा होणं, खाल्लेलं तसंच परत येणं यातलं काही असेल तर गोळी बदलून बघण्यात एक आठवडासुद्धा घालवू नये. गोळीने जळजळ थांबते, नळी रुंद होत नाही.

मिस्टरांबद्दल: बारा वर्षं त्रास, पोट सुटलेलं, वय पन्नासच्या आसपास असेल तर एकदा एंडोस्कोपी करून घ्या, गिळायला त्रास नसला तरी. आईंना गिळायला त्रास नसेल आणि तंबाखू नसेल तर केवळ भावाला झाला म्हणून लगेच काही नको. हा बहुतेक वेळा घराण्यातून येत नाही, घरातल्या सवयींतून येतो.

कुळागरकार

डॉक्टर, बाकी मान्य पण सुपारीला यात ओढू नका. आमची तीन पिढ्यांची बागायत आहे. विड्याशिवाय आपलं एक कार्य होत नाही, गणपतीवर बांधतात त्या माटोळीला सुपारीचा घड नसेल तर चवथ कसली? आजोबा विडा खात खात ९१ वर्षं जगले. दोष तंबाखूचा आहे, पुड्यांमध्ये घालतात त्या केमिकलचा आहे. निव्वळ सुपारी पाचक आहे.

डॉक्टरबाब

दादा, तुम्हाला हे लागणार हे माहीत होतं. पण २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने (आयएआरसी) सुपारीला तंबाखूशिवायसुद्धा पहिल्या गटात टाकलं, म्हणजे माणसाला कॅन्सर होतो याचा पुरेसा पुरावा आहे त्या गटात. तंबाखू, दारू त्याच गटात. तोंडाच्या कॅन्सरबद्दल आणि तोंड उघडेनासं होतं त्या आजाराबद्दल तर वादच नाही. मेघालय, आसाम हा भाग देशात अन्ननलिकेच्या कॅन्सरमध्ये पुढे आहे आणि तिकडे ओली, आंबवलेली सुपारी दिवसभर चालते. माटोळीला बांधलेल्या सुपारीने काही होत नाही, गालात ठेवलेलीने होतं. आजोबांसारखी माणसं असतात, पण जे ५८ला गेले त्यांचे नातू इथे येऊन सांगत नाहीत.

हुर्राक_प्रेमी

हुर्राकचा (काजूच्या हलक्या दारूचा) सीझन सुरू होतानाच असे धागे काढता राव 🙂 माझं म्हणणं, बाटलीतली विदेशी दारू वाईट असेल, पण आपली काजूची फेणी शुद्ध, भट्टीवरची. सर्दीला, पोटाला आजीसुद्धा चमचाभर द्यायची. गोव्यात एवढी शतकं लोक पितायत. आणि अडकायचं म्हणाल तर मलाही मटण, नाहीतर पोयचा (पावाचा) तुकडा अडकतो कधी कधी, घोटभर पाणी घेतलं की जातं खाली, त्यात काय एवढं. चावून खात नाही आपण, घाई.

डॉक्टरबाब

हुर्राक_प्रेमी, वय काय तुमचं? आणि हे अडकणं कधीपासून?

हुर्राक_प्रेमी

४९. चवथीपासून असेल, नाताळपासून जरा जास्त. काळजी नको डॉक्टर, जिभेला चव आहे, वजन पण कमी झालंय, बायको खूश आहे.

आकडेमोड

वाढतंय का यावर लिहितो, कारण यात दोन गोष्टींची सरमिसळ होते. जगात २०२२ साली सुमारे ५ लाख ११ हजार नवे रुग्ण आणि ४ लाख ४५ हजार मृत्यू असा अंदाज आहे (रुग्ण आणि मृत्यू किती जवळ आहेत बघा, यावरूनच आजार कसा आहे ते कळतं). भारतात वर्षाला ७० हजारांच्या आसपास. रुग्णांची *संख्या* वाढते कारण लोकसंख्या वाढते आणि माणसं जास्त जगतात, हा म्हातारपणाकडे झुकलेला आजार आहे. पण *दर*, म्हणजे वयाचा हिशोब लावून लाखामागे किती, तो सगळीकडे वाढत नाही. मुंबईची कॅन्सर नोंदणी १९६३पासून चालू आहे, तिथे अन्ननलिकेच्या कॅन्सरचा दर उलट उतरत गेलाय.

मग वाढतोय म्हणतात तो कुठला? डॉक्टरांनी सांगितला तो दुसरा, ॲडिनोकार्सिनोमा. अमेरिकेत १९७५ ते २००१ या काळात तो सुमारे सहा पट झाला, आणि तेवढ्या वर्षांत तिकडची माणसं जाड झाली. युरोपातही तेच. गोव्याकडे बघा, आपल्याकडे जुनी कारणं गेली नाहीत आणि नवी आली. सत्तरीत विडा-तंबाखू आहे, शहरी पर्वरीत सुटलेलं पोट आणि रात्री अकराचं जेवण आहे. मला काळजी वाटते ती दोन्ही एका घरात जमतात त्याची.

मांडवीकाठ

मान्य. म्हणजे माझ्या वाड्यावरचे तीन जण ही आकडेवारी नव्हे. पण तिघंही तंबाखूवाले होते, हे आता आठवलं.

पेडण्याची_लेक

बायकांचं पण बोला कुणीतरी. माझी आजी आयुष्यभर मशेरी लावायची. चुलीत तंबाखू भाजायची, डबीत भरून ठेवायची, सकाळी उठल्यावर, दुपारी जेवल्यावर, रात्री झोपताना, आणि ते दात घासणं म्हणायची, व्यसन नव्हेच. एकही सिगरेट नाही, दारूचा थेंब नाही. ६६व्या वर्षी गिळता येईना. गावातल्या किती म्हाताऱ्यांच्या कमरेला ती डबी अजून आहे. डॉक्टर तंबाखू खाता का विचारतात तेव्हा त्या नाही म्हणतात आणि त्यांच्या दृष्टीने ते खरं असतं. मशेरी लावता का, तपकीर ओढता का, असं नावानिशी विचारायला हवं.

डॉक्टरबाब

ताई, हे मी उद्यापासून असंच विचारणार. धन्यवाद.

सुंगटाची_कडी

तिखटाचं काय? आमच्याकडे हुमण (माशाची आमटी) लालभडक लागतं. सासूबाई म्हणतात तिखटाने नळी जळते.

आकडेमोड

तिखटाविरुद्ध ठोस पुरावा नाही. *गरम* मात्र आहे. ६५ अंशांच्या वरची पेयं ‘बहुधा कॅन्सरकारक’ असं त्याच आयएआरसीने २०१६ मध्ये म्हटलं. इराणच्या गोलेस्तान भागात चहा कढत कढत पितात, तिथे पन्नास हजार लोकांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवून केलेल्या अभ्यासातही कढत चहा आणि हा कॅन्सर यांचा संबंध दिसला. दोष चहाचा नाही, चटक्याचा.

बशीतला_चहा

माझ्या आवडीचा विषय आला! हे वाचून काल मुलीचं केकवालं थर्मामीटर घेऊन बसलो. गाळल्या गाळल्या कपात ऐंशीच्या वर. पाच-सहा मिनिटांनी पासष्टच्या आसपास. बशीत ओतला तर बघता बघता पंचावन्नवर. म्हणजे आमचे आबा फोंड्याच्या हॉटेलात बशीत फुंकर मारून प्यायचे आणि आम्हाला कॉलेजात असताना त्याची लाज वाटायची, ते बरोबर करत होते. घरात कपाटातल्या बश्या परत बाहेर काढल्यात.

सुंगटाची_कडी

अवांतर: आमच्याकडे अकरा वाजताची उकड्या तांदळाची पेज सासरे इतकी गरम पितात की वाटी हाताला धरवत नाही. आजपासून पंख्याखाली ठेवणार.

डॉक्टरबाब

ठेवा. पण गरम पेज थांबवून तंबाखू चालू असेल तर मोठा चोर सोडून भुरट्याला पकडल्यासारखं होईल. आणि फेणीबद्दल राहिलं होतं. शुद्ध असो की विदेशी, त्यातलं अल्कोहोल तेच. शरीरात त्याचं ॲसिटाल्डिहाइड होतं आणि ते पेशींच्या डीएनएला इजा करतं. फेणी चाळीस टक्क्यांच्या पुढची असते, हुर्राक बरंच हलकं, पण हुर्राक ग्लासांनी पितात. त्यात तंबाखू असला की दोन धोक्यांची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. मामांचं तेच झालं असावं.

घाटमाथा_ते_बांबोळी

इथे मी वाचकच असतो, आज लिहितो. मला सहा वर्षांपूर्वी हाच झाला, मधल्या भागात. सिगरेट पंचवीस वर्षं. मी मात्र नशिबाने दुसऱ्याच महिन्यात गेलो कारण बायकोने जेवायला वाढणंच बंद केलं, आधी दुर्बीण मग भात म्हणाली.

एंडोस्कोपीला लोक उगाच घाबरतात. घशात फवारा मारतात, दहा मिनिटं, बायोप्सी घेतलेली कळतसुद्धा नाही. मग पेट स्कॅन (कॅन्सर कुठे पसरलाय ते बघायला). मग पाच आठवडे, शनिवार-रविवार सोडून रोज रेडिएशन, एकूण २३ वेळा, आणि आठवड्यातून एकदा केमो. दीड-दोन महिने थांबून ऑपरेशन. अन्ननलिका काढतात आणि जठराची नळी करून छातीत वर ओढून जोडतात. आता माझं जठर छातीत आहे. एका वेळी अर्धी वाटी, दिवसातून सहा-सात वेळा. जेवल्यावर आडवं व्हायचं नाही, रात्री पलंगाचं डोकं उंच. गोड जास्त झालं की घाम येतो, छाती धडधडते. पण मी गेल्या शिगम्याला ढोल वाजवला.

अबोलीताई, मामांना ऑपरेशन सांगितलं नसेल तरी खचू नका, वरच्या भागात असेल तर केमो आणि रेडिएशनवरच उपचार करतात. त्यांचं वजन सांभाळा, तेच सगळ्यात महत्त्वाचं. गिळता येत नसेल तर नाकातून नळी घालायला नाही म्हणू देऊ नका, लोक नळी म्हणजे शेवट समजतात, माझी नऊ आठवडे होती. पेजेत नाचणी, पातळ मुगाचं कढण, अंडं चालत असेल तर ते फेटून. दीनदयाळ स्वास्थ्य कार्ड (गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचं) आहे का बघा, गोमेकॉत (बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात) समाजसेवकांना भेटलात की कागदपत्रं काय लागतात ते सांगतात.

अबोली_साखळी

दादा, तुमचं लिहिलेलं मामाला वाचून दाखवलं. ढोल वाजवला तिथे त्याने परत वाच म्हणून सांगितलं. काल नळी घालून घेतली.

कुळागरकार

दोन दिवस विचार करत होतो. माझी मुलगी नर्सिंगला आहे, तिला हा धागा दाखवला तर म्हणाली बाबा मी हेच तीन वर्षं सांगतेय. सुपारी विकूनच तिची फी भरतो. खाणं मी कालपासून थांबवलंय, दुपारी जेवल्यावर हात आपसूक पानाच्या डब्याकडे जातो, बडीशेप ठेवलीय. बागेचं काय करायचं ते एवढ्यात ठरणार नाही. माडावर, सुपारीवर मिरी आहेच, जायफळाची झाडं वाढवायचा विचार आहे, पण पोफळी तोडवत नाहीत हे प्रामाणिकपणे सांगतो. गुटख्याला बंदी आहे म्हणतात आणि गाड्यावर सुपारीची पुडी वेगळी, तंबाखूची वेगळी, दोन्ही एकाच हाताने देतात. शाळेतली पोरं घेतात. त्यावर कुणी बोलत नाही याचा मला जास्त राग आहे.

पेडण्याची_लेक

दादा, बडीशेपेबरोबर चवीला सुकं खोबरं ठेवा, बाबांना त्याने जमलं होतं. आणि शाळेजवळच्या पुड्यांवर पालक सभेत बोलू या, आमच्या शाळेत मी विषय घेतेय.

डॉक्टरबाब

हुर्राक_प्रेमी, धागा वाचताय ना? चवथीपासून घास अडकतो, नाताळपासून वाढलाय, वजन आपोआप उतरलंय, वय ४९. हेच अबोलीताईंनी पहिल्या प्रतिसादाच्या आधी मामांबद्दल लिहिलंय. कॅन्सरच असेल असं अजिबात नाही, आम्लाने आलेला अरुंदपणा असू शकतो, साधी सूज असू शकते. पण ते दुर्बिणीशिवाय कळणार नाही. तंबाखू आहे का?

हुर्राक_प्रेमी

सिगरेट. दिवसाला पाकीट. दोन दिवस उत्तर द्यायचं टाळत होतो.

घाटमाथा_ते_बांबोळी

व्यनि केलाय. मी बरोबर येतो. सकाळी लवकर गेलं तर नंबर लागतो.

अबोली_साखळी

तीन आठवड्यांनी अपडेट देतेय. नवऱ्याची एंडोस्कोपी झाली. हायटस हर्निया (जठराचा वरचा भाग छातीत सरकलाय) आणि खालच्या टोकाला सूज आहे, बॅरेट नाही. रात्रीचं जेवण आठला, गोळी चालू, आणि वजन उतरवायला सांगितलंय. मामाची रेडिएशनची बारा बसणी झाली, घसा सोललाय, चिडचिड करतो, पण वजन एक किलो वर आहे. तंबाखूची चंची त्याने स्वतः मामीकडे दिली.

हुर्राक_प्रेमी

आज झाली. घाटमाथादादा पहाटे सहाला दारात उभे होते, सगळा वेळ थांबले. खालच्या भागात अरुंद आहे, आत व्रण आहे म्हणाले, चार ठिकाणचे तुकडे घेतलेत. डॉक्टर काहीच नक्की बोलत नाहीत. रिपोर्ट मंगळवारी.

डॉक्टरबाब

गेलात हे फार बरं केलंत. तोवर मऊ, पातळ खा, मटण-पोय नको. सिगरेट आजच बंद. रिपोर्ट काहीही येवो, मला फोटो पाठवा, मी बघतो.

हुर्राक_प्रेमी

हो. मंगळवारी इथंच लिहितो.

अबोली_साखळी

वाट बघते दादा.